ताटलीवरचा थेंब

मे महिन्यातली दुपार. बाहेर 43 अंश, आत कूलरची घरघर. पुण्याहून सोलापूरला आलेला भाचा गादीवर उठून बसला आणि म्हणाला, "मामा, हे कायम असंच असतं?"

"काय असंच?"

त्याने खिडकीकडे बोट केलं. मी कान दिला. खरं सांगतो, दोन-तीन सेकंद मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मग हळूहळू भिंतीपलीकडचे यंत्रमाग सुरू झाले. म्हणजे ते सकाळपासून चालूच होते, माझा कान तेवढा उशिरा चालू झाला.

भाच्याने लगेच मोबाइलवर मोजलं. 74 डेसिबल. "निवासी भागात दिवसा 55च्या वर जायला नको. 2000 सालचा नियम आहे." वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याचा काय दोष. मी म्हटलं, "नियम करणाऱ्यांना आठ दिवस भद्रावती पेठेत झोपव बे, नवव्या दिवशी त्यांना मागाशिवाय झोप यायची नाही."

माझं लहानपण गेलं ते त्याच पेठेत. आडवा धागा नेणारा मागाचा धोटा या पेटीतून त्या पेटीत, मिनिटाला शंभरेक वेळा, खट्याक-खट्याक. आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर कायम थोडं थरथरत असायचं. मागावरचे लोक त्या गोंगाटात एकमेकांचे ओठ बघून गप्पा मारत, आणि घरी आले तरी ओरडूनच बोलत. पाठमोरे उभे असले तरी चारातला कुठला माग अडखळला हे त्यांना बरोबर कळायचं. लोडशेडिंग झालं की पेठ एकदम गप्प, आणि शेजारचं पाळण्यातलं पोर दचकून रडायला लागायचं. त्याची आई अंगाई म्हणायची नाही, लाइटवाल्यांना शिव्या द्यायची. तेलुगूत. तेवढं तेलुगू आम्हालाही येत होतं.

आजीची गोष्ट त्याच्याही आधीची. तिच्या काळी गिरण्यांचा भोंगा व्हायचा. 1877ची जुनी मिल, मग बाकीच्या. आजी भोंग्यावर भात टाकायची. गिरण्या बंद पडल्या, घरात घड्याळ आलं, तरी "पयला भोंगा झाला का?" हा तिचा प्रश्न काही गेला नाही.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच.

सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं. उजनी धरणाहून शंभरेक किलोमीटर चालत येतं म्हटल्यावर दमणारच. आमच्याकडे ते हमखास रात्री दोन-अडीचला यायचं. आई झोपताना नळ उघडा ठेवायची आणि खाली मोरीत स्टीलची ताटली पालथी घालायची, पहिला थेंब वाजावा म्हणून. ती वाजायची गरज मात्र क्वचितच पडायची. रिकाम्या पाइपातली हवा आधी बाहेर पडते. नळ आधी नुसता उसासा टाकतो, मग फुसफुसतो, मग दोनदा खोकतो. त्या पहिल्या उसाशाला आई उठून बसलेली असायची. पलीकडे माग चालू, कोपऱ्यावर लग्नाचा बँड, आणि ही बाई नळाच्या श्वासाने जागी! एकटी तीच नव्हे. दोन मिनिटांत गल्लीभर कड्या वाजायच्या. "नीळ्लु वच्चिनय्!" "नीर बंतु!" "पानी आया, उठो!" आणि मग घागरी, बादल्या, पिंप, आणि आधी कोण यावरून भांडण. भांडण मात्र सगळ्यांचं मराठीत.

भाच्याला हे सांगत होतो, तेवढ्यात मी उठलो आणि मोरीत गेलो. "काय झालं?" तो म्हणाला. "पाणी आलंय." त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. आता खाली हौद आहे, वर टाकी आहे, मोटर आपोआप चालू होते. मी उठायचं काही कारण नाही. तरी बादली लावली.

शेवटच्या वर्षी आईला ऐकू येईनासं झालं होतं. दाराची बेल नाही, फोन नाही, टीव्ही शेवटच्या आकड्यावर. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत दारावरून हलग्या गेल्या तरी ती शांतपणे वाती वळत बसली होती. आणि एका रात्री अडीचला तिने मला हलवून उठवलं. "पाणी आलं बघ."

मी मोरीत जाऊन नळ पिळला. कोरडा. पाण्याचा दिवसही नव्हता. तिला ते ओरडून सांगणार होतो, तर ती भिंत धरत धरत मागे आलेली, हातात ताटली.

मी ती घेतली आणि नळाखाली पालथी घातली.