जाड रंगाचं चित्र गुंडाळू नका

मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरच्या गॅलऱ्यांमध्ये मोठी तैलचित्रं पाहिली की आपल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: 'गुंडाळून देतील ना?' देतात, पण मागूच नका.

आजचे जे मंगोल चित्रकार अभिव्यक्तिवादी वळणाने, म्हणजे हुबेहूबपणापेक्षा भावनेवर भर देऊन, माणूस रंगवतात, त्यांच्यातल्या अनेकांचं काम पॅलेट नाइफचं, म्हणजे रंग थापायच्या पातळ सुरीचं असतं. गालाचं हाड म्हणजे गेरूचा एक जाड फटकारा, अंगातल्या 'देल'ची (मंगोल लांब अंगरख्याची) बाही म्हणजे निळा फराटा, डोळ्यांच्या जागी रंग खरवडून काढलेला. 1990 पर्यंत इथे समाजवादी वास्तववादाचीच, म्हणजे समाजवादाचा गौरव करणाऱ्या हुबेहूब चित्रांचीच सरकारी चाकोरी होती, त्यामुळे ही धिटाई जास्तच जाणवते. (आपला गोव्याचा चित्रकार एफ. एन. सूझा त्याच्या कितीतरी आधी असले चेहरे रंगवत होता, हेही सांगायलाच हवं.)

अडचण या जाडीचीच आहे. तेलरंग पाण्यासारखा सुकत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. पातळ थर आठवड्या-दोन आठवड्यांत हाताला लागेनासा होतो, पण फटकाऱ्याचा थर वरून कडक आणि आतून कित्येक महिने मऊ राहतो. त्यात हिवाळ्यात बाहेर उणे 25 अंश, म्हणजे रंग ताठरतो आणि वाकवला की तडकतो. म्हणून बाहेरची फ्रेम काढा, पण आतली लाकडी चौकट ठेवा. कोपऱ्यांवर पुठ्ठा लावा, म्हणजे वरचं वेष्टन रंगाला टेकत नाही. बबल रॅप थेट रंगावर नको, गोल ठसे उमटतात. गुंडाळणं अटळच असेल तर रंग बाहेरच्या बाजूला ठेवा आणि नळी 15-20 सेंटिमीटर व्यासाची घ्या. आपण कॅलेंडरसारखी रंग आत ठेवून गुंडाळी करतो. त्यात उंचवटे एकमेकांवर दाबले जाऊन खपल्या निघतात. थर खरंच जाड असेल तर मात्र कुठलीच नळी चालत नाही.

घरी पोचल्यावर खोकं एक दिवस तसंच बंद ठेवा, नाहीतर गार कॅनव्हासवर दव धरतं.

आणि ती काच! आपला फ्रेमवाला तैलचित्रालाही सवयीने काच लावतो, तीही रंगाला टेकवून. त्यावर 'मुंबईची धूळ' हे उत्तर तयार असतं. धूळ असते, कबूल. ती मऊ, कोरड्या ब्रशने जाते. काचेला चिकटलेला रंग सुटत नाही. पावसाळ्यात आत अडकलेल्या दमटपणाने बुरशी येते ती वेगळीच. काच हवीच असेल तर मध्ये पट्टी टाकून अंतर ठेवा, फ्रेमच्या मागे बुचाचे तुकडे लावा म्हणजे भिंतीची ओल लागत नाही. जुलैत कॅनव्हास सैल पडला म्हणून मागच्या, चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरा ठोकू नका. हवा कोरडी झाली की तो आपोआप ताणला जातो. वार्निश जाड थराला वर्षभराने, तेही रंग आतपर्यंत घट्ट झालाय हे नखाने दाबून पाहिल्यावरच.