पंधरा दिवसांची मुदत आणि एक फटकळ नायिका

विनोदी प्रेमरहस्यकथेच्या पुस्तकाचा शेवट मुखपृष्ठावरच फुटलेला असतो. पुढे कमरेवर हात ठेवून उभी असलेली ती, मागे गोंधळलेला तो, कोपऱ्यात एखादी किल्ली नाहीतर लांबलेली सावली. दोघांचं जमणार, लबाड माणूस पकडला जाणार आणि मधल्या शंभर पानांत आपण चारपाचदा मोठ्याने हसणार, एवढं वाचकाला पैसे मोजतानाच ठाऊक असतं. तरी तो रात्री दीड वाजता ‘एवढं प्रकरण संपवतो’ म्हणत बसतो. काय होणार हे माहीत असलेल्या माणसाला कसं होणार यावर टांगून ठेवायचं, हीच या विनोदी प्रेमरहस्यकथांची सगळी करामत.

इंग्रजीत हा धंदा जुना. प्रेमकथांसाठी नाव काढलेल्या दोन प्रकाशनसंस्थांपैकी मिल्स अँड बून १९०८ साली लंडनला निघालं, हार्लेक्विन १९४९ साली कॅनडात. १९७१मध्ये धाकट्याने थोरल्याला विकत घेतलं आणि १९८४मध्ये प्रेमात गुन्हा मिसळलेल्या गोष्टींची ‘इंट्रीग’ ही वेगळी मालिकाच काढली. आपल्याकडे हा ऐवज दिवाळी अंकांतल्या लघुकादंबरीत आणि हल्ली मोबाइलवर भागाभागाने येणाऱ्या कथांत सापडतो. लांबीचं म्हणाल तर विज्ञानकथांसाठीचे नेब्युला पुरस्कारवाले साडेसतरा हजार ते चाळीस हजार शब्दांच्या मजकुराला नॉव्हेला मानतात. त्यातला तीस हजार हा आकडा हाताळायला बरा. पानाला तीनशे शब्द धरले तर शंभर पानं, दीड हजार शब्दांची वीस प्रकरणं.

आता या वीस प्रकरणांत प्रेम, विनोद आणि रहस्य असे तीन वेगळे संसार थाटायला जागाच नसते, आणि बहुतेक हस्तलिखितं इथेच मार खातात. दोन प्रकरणं गुन्ह्याची, मग एक चहाच्या टपरीवरच्या नजरानजरेचं, मग हसू यावं म्हणून एक बहिरा मामा. मामा बोलायला लागला की गुन्हा थांबतो, गुन्हा सुरू झाला की प्रेम सुट्टीवर जातं. त्यावर उपाय एकच: प्रत्येक प्रसंगाने निदान दोन कामं केली पाहिजेत. भांडणातून धागा मिळावा, धागा शोधताना हात लागावा, हात लागल्यामुळे फजिती व्हावी.

उदाहरणच घेऊ. मंजिरीचं डहाणूच्या तहसील कचेरीबाहेर झेरॉक्सचं दुकान आहे. गावातला प्रत्येक कागद तिच्या काचेवर उताणा पडून जातो, म्हणजे हेरगिरीचा परवाना तिला धंद्यानेच दिलेला. दिवसभर ‘पाठपोट करायचंय का?’ विचारून जीभ धारदार झालेली. हेमंत हा नवा भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा सरकारी माणूस. एका चिकूच्या वाडीची म्हातारी मालकीण वारते, एक मृत्युपत्र उगवतं आणि वाडी भलत्याच्या नावावर चढू लागते.

या कथेला घड्याळ लागतं, आणि इथे बॉम्बची टिकटिक आणायची काही गरज नाही, महसूल खातं ते फुकट पुरवतं. फेरफाराची, म्हणजे जमिनीचा मालक बदलल्याची नोंद धरली की संबंधितांना नमुना नऊची नोटीस निघते आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-अ मध्ये जातं. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करायला मोकळे. हे ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतं, त्यामुळे मंजिरीला ते दिसणं पटतं. पण हरकत घ्यायला त्या जमिनीत हितसंबंध असावा लागतो, आणि तिचा काहीच नाही. तो आहे हेमंतचा, कारण हा त्या म्हातारीचा नातू. स्वतःच्या घरच्या जमिनीची मोजणी आपल्याच टेबलावर आली हे त्याने वरिष्ठांपासून लपवलंय. मंजिरीला तो लबाड वाटतो तो यामुळे. म्हणजे ज्याच्यावर तिचा सगळ्यात जास्त संशय, त्याचीच सही तिला पंधरा दिवसांत हवी. प्रेम, गुन्हा आणि फजिती यांना एकाच अर्जावर सही करायला लावली की निम्मं काम झालं.

मुदतीचा हिशेब मात्र कॅलेंडर पुढ्यात ठेवून करावा. राज्य सरकारी कचेऱ्यांना २०२०च्या २९ फेब्रुवारीपासून पाच दिवसांचा आठवडा आहे. पंधरावा दिवस शनिवारी टाकला तर कचेरी बंद, आणि कोणी निवृत्त नायब तहसीलदार हमखास कळवतो की मुदत सुट्टीच्या दिवशी संपली तर पुढच्या कामाच्या दिवशी अर्ज चालतो. सगळा थरार तिथेच फुस्स. म्हणून पंधरावा दिवस गुरुवार किंवा शुक्रवार असावा, आणि धावपळ सव्वासहाला कचेरी सुटण्याआधी संपावी.

नायकावरच्या संशयाची एक अडचण आहे. हाच गुन्हेगार असेल असं वाचकाला कितीही सुचवलं तरी तो मानत नाही. मुखपृष्ठावर असलेला माणूस शेवटी तुरुंगात जाणार नाही हे त्याला कळतं. म्हणून ‘हा चोर आहे का’ या प्रश्नावर पानं घालवणं फुकट. ‘हा लपवतोय काय’ यावर ती घालवावीत, आणि दहाव्या प्रकरणाच्या आसपास ते उघडं करून टाकावं. त्यापुढे ताणलं तर नायिका मठ्ठ दिसायला लागते.

आणि मठ्ठ नायिका फटकळ असली की असह्य होते. फटकळपणाबद्दल लेखकांचा मोठा गैरसमज असा की चार टोमणे मारले, रिक्षावाल्याशी हुज्जत घातली, बघायला आलेल्या मुलाच्या पोह्यांत मीठ जास्त टाकलं की नायिका तयार. तो नुसता आवाज झाला. तिचा हट्ट गोष्टीला वळण देतो का, एवढंच बघावं. मंजिरीने मृत्युपत्राची एक जादा प्रत काढून ड्रॉवरमध्ये ठेवली, गिऱ्हाइकाला न सांगता. हे चूकच आहे, आणि त्याचे परिणाम तिला भोगावे लागतात: दुकान फुटतं, आईला कळतं, हेमंत चिडतो आणि त्याचं चिडणं रास्त असतं. तिच्या आडमुठेपणानेच संकट आलं आणि त्याच आडमुठेपणाने ती बाहेर पडली, असं झालं की वाचक तिच्या बाजूला बसतो. ऐन वेळी नायक येऊन सोडवतो तिथे आधीची ऐंशी पानं वाया जातात. शेवटचं कुलूप तिनेच उघडावं, त्याने फार तर टॉर्च धरावा.

आता सुगावा. या प्रकारात तो विनोदात पुरावा, कारण हसलेला माणूस ऐकलेलं वाक्य निकालात काढतो. कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देणारे भाईकाका आहेत. तिसऱ्या प्रकरणात ते चहा पीत म्हणतात, “आपला जिल्हा बघ, अजून दुधाचे दात पडतायत, आणि मोर्चे किती!” वाचक हसतो, पुढे जातो. सातव्या प्रकरणात मंजिरी हेमंतला मृत्युपत्र वाचून दाखवते, पण दोघांचं भांडण चालू असतं म्हणून आपलं लक्ष भांडणाकडे: दोन साक्षीदार, साधा कागद, तारीख २०११ची, ‘तालुका डहाणू, जिल्हा पालघर’. सगळं कायद्यात बसतं. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरतात. फक्त पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला. २०११मध्ये डहाणू ठाणे जिल्ह्यात होतं. चौदाव्या प्रकरणात मंजिरी एका शाळकरी पोराच्या प्रकल्पाच्या प्रती काढत असते, त्यात जिल्ह्याच्या स्थापनेची तारीख दिसते आणि यंत्र चालूच राहून चाळीस जादा प्रती निघतात. उलगडाही झाला, हसूही आलं, आणि ज्याने आयुष्यभर अर्जांचे मायने लिहिले त्याचाच हात मायन्यात चुकला हे पटतंही.

यात दोन गोष्टी पाळाव्या लागतात. एक, खरा लबाड माणूस पहिल्या चार प्रकरणांत दिसला पाहिजे, आणि काहीतरी उपयोगाचं करताना. भाईकाकांनी मंजिरीला दुकानाचा परवाना मिळवून दिलेला असावा. दुसरी, सुगावा वाचकालाही सोडवता यावा. जिल्ह्याचं वय ही महाराष्ट्रातल्या माणसाला माहीत असू शकणारी बाब आहे. एखाद्या दुर्मीळ विषाचं नाव तशी नाही. विषाचा विषय निघालाच आहे तर, हलक्या गोष्टीत मुडदा शक्यतो नकोच. खोटी सही, धमकी, गायब झालेली फाइल यांवर हसता येतं. मेलेल्या माणसाच्या शेजारी विनोद केला तर तो करणाऱ्याच्या अंगावर येतो. म्हातारीचं मरण कथा सुरू होण्याआधी आणि वयाने झालेलं ठेवलंय ते यासाठी.

मराठीत लिहिणाऱ्याच्या हातात एक असं हत्यार आहे की ते न वापरणं करंटेपणा ठरेल. मंजिरी हेमंतला पहिल्यांदा ‘साहेब’ म्हणते, तेही अशा सुरात की शिवी परवडली. दुकान फुटल्यावर ‘साहेब’ गळून नुसतं ‘अहो’ उरतं. मग अकराव्या प्रकरणात रात्री वाडीतल्या पडवीत कोणाची तरी बॅटरी चमकते आणि ती दबक्या आवाजात ओरडते, “वाक ना!” ‘वाका’ म्हणायला एक काना जास्त लागतो, आणि जीव वाचवताना तेवढी सवड नसते. दोघं चिकूच्या क्रेटांमागे बसलेत, बाहेर पावलं वाजतायत, आणि हेमंत त्या भीतीतही हिशेब करतोय की आत्ता ही आपल्याला काय म्हणाली. भीती, हसू आणि प्रेम एका कान्याच्या कपातीत. त्यानंतर पोलीस ठाण्यात जबाब देताना ती पुन्हा कडक ‘हे साहेब माझ्याबरोबर होते’ वर जाते आणि हवालदार पेन थांबवून विचारतो, “साहेब कोण?” अशा वेळी लेखकाने ‘तिच्या मनात काहीतरी हललं’ वगैरे काही लिहू नये. काम झालेलं असतं.

पण हे हत्यार चालायला जागा तशी निवडावी लागते. पुण्याच्या एखाद्या आयटी कंपनीत दोघं पहिल्या मिनिटापासून ‘तू’वर असतात, तिथे पुढे सरकायला पायरीच उरत नाही. कचेरी, शाळा, सहकारी बँक, एसटीचा डेपो इथे ‘तुम्ही’ अजून जिवंत आहे.

विनोदाची आणखी एक कारागिरी. मंजिरी म्हणते, “तुम्ही मोजलेली जमीन दरवेळी दीड गुंठा कमी भरते. तुम्हाला बघून आकसते काय?” याच्यापुढे ‘असं ती खोचकपणे म्हणाली’ जोडलं की वाक्य मेलं. कोण बोलतंय ते आधी सांगून टाकावं आणि टोमण्यानंतर परिच्छेद संपवावा. क्रियाविशेषणं तर गाळावीतच. खोचक वाक्याला खोचक असल्याचा दाखला लागत नाही.

मोबाइलने रहस्याची मोठी पंचाईत केली असं म्हणतात, ते अर्धंच खरं. ऐन वेळी रेंज जाणं एकदा चालतं, दुसऱ्यांदा वाचक हसतो आणि ते हसू आपल्या फायद्याचं नसतं. फोन चालू ठेवूनच भीती निर्माण करावी. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास एवढंच देता येतं. आईने आठ तासांचं मागितलं, मंजिरीने कटकट नको म्हणून एका तासाचं दिलं, आणि वाडीत शिरताना पन्नास मिनिटं झालेली आहेत. इथे वाचक स्वतःच घड्याळ लावून बसतो. उलट बाजूने, ‘मी वाडीत आहे, कोणाला सांगू नकोस’ हा निरोप चुकून बाजारपेठ व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर गेला तर तिथे भाईकाकाही आहेत, आणि पुसून टाकण्याआधी दोन निळ्या खुणा उमटल्यात. त्याच ग्रुपवर कोणीतरी खाली अंगठाही देऊन जातो.

अठराव्या प्रकरणात हरकतीचा अर्ज आत जातो, पोच मिळते, शिक्का नीट उमटतो. एकोणिसाव्यात भाईकाका. त्यांना फार खलनायकी भाषण देऊ नये, ‘पालघर लिहायची सवय लागली गं’ एवढं पुष्कळ. विसाव्या प्रकरणावर लेखक हमखास सैल सुटतात: लग्न, उखाणे, दोन वर्षांनी पाळणा. तीस हजार शब्द भांडलेल्या बाईला दीड हजार शब्दांत गरीब गाय करून टाकतात. त्यापेक्षा दोघांना विवाह नोंदणी कार्यालयात पाठवावं. विशेष विवाह कायदा १९५४चा, नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावं लागतं आणि ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. मंजिरी तिथेही नोटिशीतला जिल्हा आधी तपासते. तीन साक्षीदार लागतात, त्यावरून आईशी एक शेवटचं भांडण करून घ्यावं. बाकी त्या तीस दिवसांत हरकत घ्यायला कोण कोण येतं, ते पुढच्या दिवाळी अंकासाठी राखून ठेवायला हरकत नाही.