निवृत्तिनाथांच्या वाटेवर

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. नगर, जळगाव, धुळ्याकडच्या दिंड्या थंडीतून चालत येतात आणि नाशिक ओलांडून त्र्यंबक रस्त्याला लागतात. इतकी वर्षं मी त्या गॅलरीतून पाहिल्या. यंदा स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपले आणि डॉक्टरांना विचारून सातपूरहून एका दिंडीत सामील झाले.

पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध नसांवर परिणाम करतं. केमो थांबून काही महिने झाले, तरी माझे तळवे बधिर आहेत. खडा रुतला तरी कळत नाही, म्हणून विसाव्याला बूट-मोजे काढून पाय बघायचे. महिरावणीच्या पुढे अशीच बसले होते. शेजारच्या मावशींनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी सरळ माझा पाय मांडीवर घेतला.

"मावशी, नको हो, तुम्ही मोठ्या आहात."

"वारीत कोण मोठं? सगळे पाय माउलीचे. बस गप, कुठं लागलंय का बघू दे."

तळव्याला काही कळलं नाही. पण घोट्याला त्यांच्या हाताची ऊब लागली आणि मला रडू फुटलं. शीर सापडत नाही म्हणून माझा हात गरम पाण्याच्या पिशवीने शेकत बसणारी नर्स आठवली. हिमोग्लोबिन उतरलं तेव्हा चढवलेलं कुणा अनोळखी माणसाचं रक्त आठवलं. त्या दिवसांत मी देवाशी भांडलेसुद्धा नाही, बोलणंच टाकलं होतं. श्रद्धा म्हणजे बरं होण्याची खात्री, असं मला वाटायचं. ती खात्री आजही नाही. प्रत्येक तपासणीआधी पोटात गोळा येतोच. पण त्या रस्त्याकडेला, मावशी मोज्यातला कचरा झटकत असताना, देव माझ्यापासून लांब नव्हता. याहून नेमकं मला सांगता येत नाही.

पुढे टाळांच्या ठेक्यावर चालले. पायांना रस्ता कळत नव्हता, तेव्हा पुढचीच्या टाचांकडे बघत पाऊल टाकायचे. अंजनेरी डाव्या हाताला आली तेव्हा ऊन चढलं होतं.

त्र्यंबकला गर्दी फार. मास्क लावला आणि समाधी मंदिराच्या कळसाला बाहेरूनच हात जोडले. काही मागितलं नाही. नर्सचं नाव घेतलं, मावशींचं घेतलं. रक्त देणाऱ्याचं नाव ठाऊक नाही, त्याला माउली म्हटलं.

ज्येष्ठात नाथांची पालखी पंढरपूरला निघते. नाशिकहून पळशापर्यंत तरी चालणार, हे डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवलंय.