गेरूची दोरी आणि अठरा घरं

सोलापूरच्या चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर जन्माला येतो. एकेक घर रंगवायचं, त्यावरून पुठ्ठ्याला भोकं पाडायची, मग तो जॅकार्ड मागावर चढतो. असे ग्राफ पाहिलेल्या माणसाला प्राचीन इजिप्तची भिंतचित्रं समजायला वेळ लागू नये, कारण तीही घरं मोजूनच काढलेली आहेत. फरक इतकाच की चादरीचं घर धाग्याचं असतं आणि तिथलं घर माणसाच्या मुठीचं.

आधी भिंत. थेब्ज या प्राचीन इजिप्शियन शहराजवळच्या डोंगरातली चुनखडी बऱ्याच ठिकाणी ठिसूळ, मध्येच गारगोट्या. तिथे कोरण्याआधी माती आणि भुशाचा गिलावा देत, वर जिप्समचा पातळ हात. खडकातलं मीठ ओलाव्याबरोबर गिलाव्यामागे येऊन त्याचे स्फटिक झाले की हाच थर फुगून सुटतो. १९०४ मध्ये सापडलेल्या नेफरतारी राणीच्या कबरीचं मुख्य दुखणं हेच होतं.

मग आखणी. गेरूत भिजवलेली दोरी दोन टोकांना ताणून धरायची आणि मधून ओढून सोडायची. आपले गवंडी सूत मारतात तसंच. अशा उभ्या-आडव्या रेघांनी चौरस घरांची जाळी तयार होई. रेघेच्या दोन्ही बाजूंना उडालेले लाल शिंतोडे काही भिंतींवर आजही दिसतात.

उभ्या माणसाला तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेघेपर्यंत १८ घरं. डोक्याच्या टाळूपर्यंत नाही! मुकुट आणि टोप कमीजास्त उंच असतात, म्हणून माप केसांच्या रेघेलाच थांबतं. नवख्याची पहिली चूक इथेच होते: तो टाळूपर्यंत १८ मोजतो आणि सगळा माणूस बुटका होतो. गुडघा सहाव्या रेघेवर, नितंबाचा खालचा कड नवव्या, कंबरेचा खळगा अकराव्या, कोपर बाराव्या, मान आणि खांद्याचा सांधा सोळाव्या. पुरुषाचे खांदे साधारण ६ घरं रुंद, काखेपाशी ४. बाईचे खांदे चार-पाच घरांतच आटोपतात आणि कंबरेचा खळगा थोडा वर सरकतो. बसलेल्या माणसाला १४ घरं, कारण मांडी आडवी झाली.

घरी करून पाहायचं तर २ सेंटिमीटरची घरं घ्या, म्हणजे केसांच्या रेघेपर्यंत ३६ सेंटिमीटर. डोकं बाजूने, डोळा मात्र समोरून. खांदे समोरून, पाय पुन्हा बाजूने. दोन्ही पावलं अंगठ्याच्या बाजूने काढायची, म्हणून माणसाला दोन डावे किंवा दोन उजवे पाय असल्यासारखे वाटतात. जवळच्या पावलाची सगळी बोटं दाखवणं इजिप्तच्या अठराव्या राजवंशाच्या उत्तरार्धात (इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या आसपास) कुठे कुठे सुरू झालं.

चादरीच्या ग्राफात एक कटकट असते ती इथे नाही. इंचातले ताणे आणि बाणे सारखे नसले की चौरस घरांवर काढलेला मोर कापडावर आडवा पसरतो किंवा उभा ओढला जातो. भिंतीला धागा नाही, त्यामुळे घर हवं तेवढं घ्यावं. राजा मोठा हवा तर घर मोठं, आकडा तोच १८.

हे सगळं कळलं ते अर्धवट राहिलेल्या कामांमुळे. पूर्ण चित्रात मागचा रंग भरला की जाळी झाकली जाते. हॉरेमहेब राजाच्या कबरीत (१९०८ मध्ये सापडली) काम मध्येच थांबलं, म्हणून तिथे लाल कच्ची रेघ, तिच्यावर उस्तादाची काळी दुरुस्ती आणि छिन्नी लागलेला भाग हे टप्पे एकाच कबरीत दिसतात. ब्रिटिश म्युझियममध्ये चुन्यासारखा पांढरा लेप दिलेली एक लाकडी पाटी आहे. तिच्यावर जाळीत बसलेला तिसरा थुतमोस राजा आणि शेजारी सरावासाठी काढलेली पक्ष्याची पिल्लं. लाकडाला लेप असल्यामुळे पाटी पुसून पुन्हा वापरता येई.

जाळी कायम तीच राहिली नाही. ‘जुन्या राज्यात’, म्हणजे पिरॅमिडांच्या काळात, नुसत्या काही आडव्या रेघा आणि मधला उभा अक्ष एवढंच होतं. अखेनातेन राजाच्या काळात उंची २० घरांची झाली. मान आणि चेहरा लांबले ते त्यामुळेही. पुढे सव्विसाव्या राजवंशापर्यंत (इ.स.पू. सातवं-सहावं शतक) वरच्या पापणीपर्यंतच २१ घरं मोजू लागले. म्हणून उघड्या पडलेल्या जाळीचा फोटो हाती आला, तर गुडघ्यापासून नाही, तळपायाच्या रेघेपासून मोजायला घ्या आणि अठरावी रेघ केसांना लागते का ते आधी पाहा.