निशाणी फुली

दुपारची जेवणं झाली आणि विहीणबाईंनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा आमचा."

पाहिलं तर एक फुली.

बाहेर पाऊस लागला होता. सफक हा इंग्लंडातला त्यातल्या त्यात कोरडा भाग, असं लेकीच्या लग्नापासून ऐकतोय. मी आलो की मात्र पावसाला उमाळा येतो. फिरायला जाणं रद्द झालं, आणि मी विहीणबाईंच्या तावडीत सापडलो. दोन वर्षं त्या आपल्या आईकडच्या एका पूर्वजाच्या मागावर आहेत. सरदार नाही, दर्यावर्दी नाही. याच परगण्यातल्या एका खेड्यातला शेतमजूर. त्याचं नाव सांगून उपयोग नाही, कारण त्या गावात त्याच वेळी त्याच नावाचे तिघे होते. पहिलं वर्ष त्या तिघांना एकमेकांपासून सोडवण्यातच गेलं.

फुली त्याच्या लग्नाच्या नोंदीतली. 1754 पासून तिथे लग्नाची नोंद वधूवरांच्या सहीनिशी करायचा कायदा झाला. सही येत नसेल तर पाद्रीबुवा नाव लिहायचे आणि नाव-आडनावाच्या मध्ये तेवढी फुली नवरदेवाने काढायची. याने काढलेली फुली एका बाजूला कललेली. एक रेघ जोरात, शाई फुटेस्तोवर, दुसरी घाबरत. त्याच्या हातचं एवढंच काय ते उरलंय.

मला आपल्याकडचे जुने महजर, म्हणजे पंचांसमोर झालेले निवाड्याचे कागद, आठवले. पाटलाच्या नावापुढे 'निशाणी नांगर' आणि खरोखरच नांगराचं चित्र. या बिचाऱ्याने जन्मभर दुसऱ्याच्या शेतात नांगर धरला असेल, पण कागदावर मिळाली ती फुली. मी हे विहीणबाईंना सांगितलं. त्यांना नांगर इतका आवडला की मला तो चारदा काढून दाखवावा लागला. चौथा बरा आला.

गंमत म्हणजे फुलीच्या खालच्या ओळीत नवरीची सही आहे. अक्षर वाकडंतिकडं, पण सही. विहीणबाई तिथे दर वेळी थांबतात आणि चष्मा पुसतात.

बाकीचं आयुष्य मग असंच ओळीओळीने गोळा करायचं. 1538 मध्ये आठव्या हेन्री राजाच्या थॉमस क्रॉमवेल या मंत्र्याने फर्मान काढलं की प्रत्येक चर्चने बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत टिपावीत. वह्या पेटीत, पेटीला कुलपं, किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे. आपल्या कुलकर्ण्याच्या दप्तराला एवढी कुलपं असती तर बरीच भांडणं टळली असती. 1752 पर्यंत तिथलं कागदोपत्री वर्षही 25 मार्चला लागायचं, म्हणजे साधारण आपल्या पाडव्याला. हे कळल्यावर मला उगाचच त्या लोकांविषयी आपलेपणा वाटला.

या गृहस्थाच्या बाप्तिस्म्याच्या ओळीपुढे एकच बारीक अक्षर आहे, 'पी'. 1783 पासून अकरा वर्षं प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता. गरिबाला माफी, पण ती मिळायची तर वहीत त्याच्या नावापुढे 'पी' लिहायचं. पॉपर. पोराच्या डोक्यावर पाणी पडतंय तोवर कागदावर दारिद्र्याचा शिक्का. 1813 पासून छापील तक्ते आले, त्यात बापाच्या धंद्याचा रकाना. याची पाच मुलं. पाचही वेळा त्या रकान्यात 'मजूर'. आडनाव मात्र तीन तऱ्हांनी लिहिलेलं. घरच्यांना स्पेलिंग येत नव्हतं, तेव्हा पाद्रीबुवांनी कानाला आलं तसं लिहायचं. पुढे 1841 च्या शिरगणतीत वय पंचावन्न. त्या शिरगणतीत मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढायची पद्धत होती. आणि पाचच वर्षांनी दफनाच्या नोंदीत वय चौसष्ट! गरिबाचं वय कोण मोजतंय.

मला एक वाईट खोड आहे. कागद समोर आला की तो सगळा वाचल्याशिवाय हातातून सुटत नाही. भेळेचा कागदसुद्धा मी उलगडून संपवतो. विहीणबाई आपल्या माणसाची ओळ सापडली की पान उलटतात, मी वरखाली भरकटतो. त्या भरकटण्यात एक जोडपं भेटलं. मुलीचा बाप्तिस्मा, मग तिचंच दफन. दुसऱ्या वर्षी पुन्हा मुलगी, तेच नाव, पुन्हा दफन. पुन्हा तेच नाव. तिसरीचं दफन शोधत मी पुढची पंचवीस पानं पाहिली. सापडलं नाही. विहीणबाई म्हणाल्या, कदाचित गाव सोडून गेले असतील. मी म्हटलं, असू दे, आपण तिचं लग्न झालं असं धरू.

अशा फुल्या मी लहानपणी रोज पाहायचो. आज्जीला आकडे वाचता यायचे, अक्षरं नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय, त्याला सुतळीने बांधलेली पेन्सिल. दूध आलं नाही त्या दिवसावर फुली, अर्धा शेर जादा घेतलं तर आडवी रेघ. महिनाअखेरीला भय्या यायचा आणि आज्जी भिंतीवरून कालनिर्णय काढून त्याच्यासमोर धरायची. तो वहीत बघायचा, ती फुल्यांकडे. जिंकायची नेहमी आज्जी. एकदा मी सुट्टीत कंटाळून सगळ्या रविवारांवर फुल्या मारून ठेवल्या. भय्याने पैसे कमी घेतले, आणि ते कळल्यावर आज्जीने मला उरलेले पैसे घेऊन त्याच्या गोठ्यापर्यंत चालत पाठवलं. भर उन्हात. चपला न घालता, कारण त्या शोधायला वेळ लागेल म्हणे.

ती कालनिर्णयं रद्दीत गेली.

विहीणबाईंनी मोठा कागद पसरला होता. नातवंडांसाठी दोन्ही बाजूंची झाडं काढायची म्हणून माझे रकाने आखलेले. वडील, आजोबा, पणजोबा मी धडाधड सांगितले. दर पितृपक्षात पाठ म्हणतोच. मग त्यांनी आज्जीच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली. लग्नाआधीचं नाव?

मी सांगलीला ताईला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेआठ, कुकरची शिट्टी ऐकू आली.

"आडनाव सांगते की," ताई म्हणाली. "पण नाव लग्नात बदललं ना रे. आधीचं काय होतं..." मग बराच वेळ नुसती दुसरी शिट्टी. "कुणी विचारलंच नाही बघ. कशाला हवंय?"

त्या नवरीने निदान एकदा सही केली होती. तीही पुढे दफनाच्या ओळीत अमक्याची बायको एवढीच उरलीय, पण लग्नाचं ते एक पान आहे.

विहीणबाई पेन्सिल धरून थांबल्या होत्या.

"आज्जी," मी म्हटलं.

त्यांनी दोनदा म्हणून घेतलं आणि कानाला आलं तसं लिहिलं.