उणे पाण्यातलं पळसदेव

एप्रिल लागला की सकाळच्या चहाबरोबर उजनी धरणाच्या पाणीसाठ्याचा आकडा बघायचा, ही माझी जुनी खोड. धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा, म्हणजे तळचं हिशेबाबाहेरचं पाणी. टक्केवारी काढतात ती त्यावरच्या उपयुक्त साठ्याची, म्हणून पाणी मृतसाठ्यात उतरलं की पेपरात 'उणे' छापून यायला लागतं. उणे म्हणजे धरण कोरडं, असं नाही. उणे साठ टक्क्यांनासुद्धा तीसेक टीएमसी पाणी असतंच. पण १९८० साली धरण पूर्ण झालं तेव्हा भीमाकाठची जी गावं पाण्याखाली गेली, ती दिसतात याच उण्यात.

जुन्या पळसदेवच्या पळसनाथ मंदिराचं शिखर बऱ्याच उन्हाळ्यांत पाण्याबाहेर डोकावतं. पुणे-सोलापूर रस्त्यानं भिगवण सोडून इंदापूरकडे निघालं की डावीकडच्या जलाशयात ते शोधायची अनेकांना सवय असते. खालचं दगडी मंदिर, ओवऱ्या आणि भोवतालची गावठाणाची जमीन उघडी पडायची तर पाणी फारच खाली जावं लागतं. २०२३ च्या पावसाळ्यात धरण भरलंच नाही. त्यात खाली सोलापूरला पिण्यासाठी तेव्हा नदीतून पाणी सोडावं लागायचं. त्यामुळे मे २०२४ मध्ये आकडा उणे पन्नासच्या खाली चालला होता. अशी संधी दरवर्षी येत नाही. मी कॅमेऱ्याची सॅक भरली.

तिथं जायचं तर होडी लागते, आणि होडी म्हणजे मासेमारीवाले. उजनीत चिलापी मोप. पहाटे जाळी काढून झाली की त्यांना तासा-दोन तासांची सवड असते. भाडं आधी बोलून घ्यायचं, परत न्यायला किती वाजता येणार ते दोनदा विचारायचं आणि फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवायचा, कारण उन्हात मोबाइल तापून बंद पडतो. माझ्या होडीवाल्यानं सुरुवातीलाच बजावलं, "दादा, दुपारी तीननंतर मी येणार नाही. वळवाचा भरवसा नाही." तेव्हा मला ते जरा जास्तच वाटलं होतं. त्याच महिन्यात, २१ मेच्या संध्याकाळी, याच जलाशयात कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण गेले. उजनीचं पाणी लांबून तळ्यासारखं शांत दिसतं. वारा सुटला की लाटा उसळायला वेळ लागत नाही. त्यानंतर लाइफ जॅकेट माझं स्वतःचं असतं, ट्रायपॉडच्या आधी सॅकेत जातं.

काठ ते मंदिर यातला पट्टा हीच खरी परीक्षा. वरचा गाळ उन्हानं तडकलेला, भेगांत हात जाईल एवढा. पण त्या पापुद्र्याखाली गुडघाभर चिखल. पांढुरका, फुटलेला भाग बहुतेक धरून असतो. जरा काळपट, चकचकीत दिसला की तिथं रुतणार. सुकलेल्या शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात, म्हणून अनवाणी चालायच्या भानगडीत पडू नये. ट्रायपॉडचे पाय रुतू नयेत म्हणून बरण्यांची रुंद झाकणं खाली ठेवायची. बाजारात यासाठी महागडे पाय मिळतात म्हणे. लोणच्याच्या बरण्यांची झाकणं फुकट असतात.

ओसाड जागा म्हणून गेलो, तर समोर काय? पाइप. मोटारी. केबली. पाणी मागं सरकेल तसे शेतकरी मोटारी ढकलत पुढं नेतात, पाइपाला पाइप जोडत जातात, आणि अर्धा किलोमीटर काळी केबल गाळावरून वेडीवाकडी पसरलेली असते. उघड्या पडलेल्या जमिनीवर काही ठिकाणी गाळपेर पिकंही डोलत होती. पहिल्या सकाळी मी कॅमेरा तिरका धरून, खाली बसून, खांबाआड लपून हे सगळं फ्रेमबाहेर ठेवायची कसरत केली. मग दोन भाऊ खांद्यावर फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप, घेऊन चिखलातून वाट काढत आले. उसाला पाळी द्यायची होती आणि पाणी रातोरात चार पावलं मागं गेलं होतं. मागं शिखर, पुढं हे दोघं, मधे काळा पाइप. तो फोटो मला त्या अख्ख्या मालिकेत सगळ्यात जवळचा आहे. धरणानं ज्यांची जमीन घेतली त्यांचीच पुढची पिढी त्याच पाण्यावर ऊस घेते. हे सगळं खोडून नुसतं रिकामं मंदिर दाखवायचं, तर ते उजनीचं चित्र कसलं?

आता प्रकाशाबद्दल. लँडस्केपवाले सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा फोटो काढतात, मधली दुपार झोपून काढतात. भेगाळलेल्या गाळासाठी ते बरोबरच आहे; सूर्य खाली असला की प्रत्येक भेगेला सावली मिळते. पण उभ्या भिंतीवरच्या शिल्पांचं गणित उलटं. इंदापूर साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य इथं बरोबर डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस. त्या सुमारास दुपारी साडेबाराला ऊन भिंतीला वरून चाटत खाली येतं. इतर वेळी सपाट वाटणारा थर तेव्हा उठून दिसतो. शेवाळानं बुजलेली बोटं, दागिने, एखाद्या वीरगळावरचा, म्हणजे वीराच्या स्मारकशिळेवरचा, घोडा. आणि उत्तरेची भिंत! वर्षातले बाकीचे महिने ती दुपारी सावलीत असते. सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो तो मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतच, आणि तेव्हाच तिला दुपारचं ऊन मिळतं. जुलैत पाणी चढायला लागतं. म्हणजे हाताशी उरतात ते मेअखेरचे आणि जूनमधले, ढग नसतील ते दिवस.

बेचाळीस अंशांत दुपारी बारा वाजता दगडाला टेकून बसणं सुखाचं नसतं. डोक्याला ओला पंचा, जवळ चार-पाच लिटर पाणी आणि कॅमेऱ्यावर पांढरा टॉवेल. जलाशयाच्या पाण्याला तोंडही लावू नये. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून थेट इथं येतं. उन्हाळ्यात काठाला हिरवा तवंग धरतो आणि वास येतो. फोटोत तो हिरवा रंग फार सुंदर दिसतो, ही एक पंचाईतच.

मंदिरात आत अंधार, बाहेर डोळे दिपवणारं ऊन. एकाच जागेवरून कमी-जास्त एक्सपोजरचे तीन-चार फोटो घ्यायचे आणि घरी जोडायचे, एवढाच उपाय. पण जोडताना हात आखडता ठेवावा. आतला कोपरान् कोपरा उजळला की मंदिराचं मंगल कार्यालय होतं. दुसरं टोकही मला आवडत नाही: आकाश काळंभोर करायचं, गाळ निळसर करायचा आणि खाली 'रहस्यमय' लिहायचं. यात रहस्य कसलं? पुनर्वसनाच्या कागदांवर इथल्या माणसांची नावं आहेत.

त्यांच्यातलेच एक नाना एका सकाळी आमच्याच होडीत होते. मंदिर उघडं पडलं की जुन्या गावातली माणसं दर्शनाला येतात. देव नव्या गावात नेलेला असला तरी नाना नारळ घेऊन आले होते. पायऱ्यांशी त्यांनी चपला काढल्या आणि माझ्या बुटांकडे बघितलं. बोलले काही नाहीत. मी बूट काढले. पूजा उरकल्यावर ते मला मंदिरामागं घेऊन गेले. माझ्या दृष्टीनं तिथं दगडांचे ढीग होते. नानांनी काठीनं जमिनीवर रेघ ओढली. "ही गल्ली. हितं आमच्या चुलत्यांचं जोतं. तो खड्डा दिसतोय न्हवं, तो आड." मग मलाही दिसायला लागलं: जोत्याचा घडीव दगड, उंबऱ्याची झिजलेली मधली बाजू, गाळात अर्धी रुतलेली जात्याची तळी. खुंट्याची खोबण गाळानं भरली होती. नानांनी बोटानं ती कोरून मोकळी केली आणि जातं पुन्हा तसंच ठेवलं. काही हौशी मंडळी असले दगड घरी नेतात, कोणी शिल्पांवर खडूनं नावं लिहितात. याला नानांचा एकच शब्द होता, पण तो इथं लिहिता येणार नाही.

त्या दिवसापासून काम करायची पद्धत बदलली. आधी माहीतगार माणसाबरोबर फिरायचं, मोबाइलवर त्याचं बोलणं रेकॉर्ड करायचं, कागदावर गल्ल्यांचा कच्चा आराखडा काढायचा आणि मग कॅमेरा बाहेर काढायचा. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख आणि त्या दिवशीची धरणाची टक्केवारी टाकतो. पुढच्या दुष्काळी उन्हाळ्यात तीच जागा शोधायची तर दिशेइतकीच ही टक्केवारी कामाला येते.

पाऊस मात्र त्या वर्षी दणकून आला. जुलैच्या शेवटी पुण्यातून आलेल्या पाण्यानं उजनी उण्यातून बाहेर काढली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धरण शंभर टक्के भरलं. मी मोठे प्रिंट काढून नानांकडे घेऊन गेलो. उत्तर भिंतीवरची शिल्पं, ज्यांच्यासाठी मी भर दुपारी भाजून निघालो होतो, ती त्यांनी भराभर बाजूला सारली. चुलत्यांच्या जोत्याशी उभं राहून काढलेला स्वतःचा फोटो ठेवून घेतला आणि म्हणाले, याच्या अजून पाच कॉप्या लागतील, पोरी वेगवेगळ्या गावांत दिल्यात. पुढच्या वेळी आडाचाही काढ, असं सांगून त्यांनी तो कुठल्या बाजूनं काढायचा तेही ठरवून दिलं.