चिमटीतली रांगोळी

मला रांगोळी येत नाही. ठिपके मोजून काढतो, पण जोडायला लागलो की चौथ्या ओळीत एक ठिपका उरतोच आणि तो कुणाचा ते काही केल्या कळत नाही. म्हणूनच असेल, गेल्या दिवाळीत मी लॅपटॉपवर रांगोळीचं खेळणं करायला घेतलं. आपण नुसतं बोट फिरवायचं, बाकीचं ते बघून घेईल.

त्यासाठी पी-फाइव्ह घेतलं, कोड लिहून चित्रं काढायचं साधन. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात चित्रं काढणाऱ्यांना कोड लिहिता यावा म्हणून प्रोसेसिंग नावाचं साधन सुरू केलं, त्याचं हे ब्राउझरमधलं भावंड. लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ मध्ये ते करायला घेतलं. यात ‘ड्रॉ’ नावाचं फंक्शन, म्हणजे कोडचा एक तुकडा, सेकंदाला साधारण ६० वेळा चालतं, न कंटाळता. मी त्याला एकच रेघ आठदा काढायला सांगितली, दर वेळी कागद ४५ अंशांनी फिरवून. झाली एका बोटाची आठ बोटं! (आधी कागदाचा मध्य धरायला विसरलो होतो. तेव्हा सगळी नक्षी वरच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसली, वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखी.)

दिसायला छान, पण लग्नपत्रिकेच्या कडेची वेलबुट्टी वाटत होती. रेघ सगळीकडे सारखीच जाड. मग दारात बसून आईचा हात बघितला. चिमटीतून भुकटी सुटते ती एका लयीत. हात थबकला की ढीग होतो, झरकन ओढला की केसाएवढी रेघ. पाकळीच्या टोकाशी ती जरा रेंगाळते, म्हणून ते टोक गुबगुबीत. कोडमध्ये याला दोन ओळी पुरल्या. बोट आत्ता कुठे आहे, क्षणापूर्वी कुठे होतं, आणि मधलं अंतर जितकं जास्त तितकी रेघ बारीक. त्याआधी पूर्ण दिवस मी रंग निवडत बसलो होतो!

पुसण्यासाठी दर फेरीला सगळ्यावर गेरूचा अगदी पातळ हात फिरवला, रेघा हळूहळू विरतील अशा बेताने. त्या विरल्या, पण पुरत्या गेल्या नाहीत. रेघेचा नि गेरूचा फरक दर वेळी पंचविसाव्या भागाने कमी होतो, शेवटी तो भाग अर्ध्याहून लहान झाला की रंग पूर्ण आकड्यांतच मोजणारा कम्प्युटर त्याला शून्य धरतो आणि पुसट माग तसाच राहतो. दोन रात्री या चुकीशी झटलो. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने अंगण झाडलं, तर फरशीवर कालच्या रांगोळीचा अगदी तसाच माग. दुरुस्ती तिथेच थांबवली.

मग फोन आईच्या हातात दिला. तिने एक पाकळी ओढली, आठ उमटल्या, त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. एक रेघ जरा बाहेर गेली तशी तिने पडद्यावर हलकीच फुंकर मारली. काहीच झालं नाही. “अरे, उडत नाही ही?”

आता मायक्रोफोन जोडलाय. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की पांढरे कण पांगतात. अडचण एवढीच, की पंखा पाचावर केला तरी सगळी रांगोळी उडते. आईला सांगितलं, तर म्हणाली, “मग बरोबरच आहे की.”